‘पुसून’ या शब्दावरून

गावंडे सर,

शोकसभेत तुमचाच विद्यार्थी अविनाश बोलायला उभा राहिला तेव्हाच मला कळलं की तो ती गोष्ट काढणार. आपल्या अमरावतीच्या विधी महाविद्यालयाचं तेच सभागृह, जिथे तुम्ही आम्हाला पहिल्या वर्षाला कायद्याचा इतिहास शिकवलात. टेबलावर तुमचा फोटो, हार, उदबत्ती. पहिल्या रांगेत काकू. आणि अविनाश म्हणाला, "सर इतके सत्यवादी, की स्वतःच्या लाडक्या विद्यार्थिनीची केस बुडाली तरी पिंजऱ्यात उभं राहून खोटं बोलले नाहीत. उलटतपास मीच घेत होतो, म्हणून सांगतो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या. दोन-चार माना माझ्याकडे वळल्या. काकूंनी मागे पाहिलं नाही, पण त्यांची पाठ ताठ झालेली मला दिसली.

मी उठले नाही. उठले असते तर म्हटलं असतं, अविनाश, सरांचं अर्धंच उत्तर सांगतोस तू. पण सभेतली भांडणं तुम्हाला आवडायची नाहीत. भांडायचं तर समोरासमोर बसून, चहा घेत. तेव्हा हे तुमच्याशीच बोलते. शिवाय काल बार्शीटाकळीकडे जे झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

तुमचा पहिला तास आठवतो. सकाळचा वर्ग. बडनेऱ्याहून रेल्वेची रात्रपाळी करून आलेले दोघं मागच्या बाकावर पेंगत होते. तुम्ही हजेरी घेतली नाही. फळ्याकडे पाठ करून विचारलंत, "वऱ्हाड निजामाचा मुलूख, आणि कारभार इंग्रजाचा. मग इथं एखाद्यानं खून केला, तर त्याला कोणाच्या कायद्यानं फाशी?" पेंगणारे दोघंही जागे झाले. तुम्ही म्हणालात, "कायदा आभाळातून पडत नाही. कोणीतरी, कोणाच्या तरी सोयीनं लिहून ठेवतं. ते कोणी आणि कोणाच्या सोयीनं, हे शोधायचा विषय म्हणजे हा विषय."

पुण्या-मुंबईचे इतिहासकार हायकोर्टांवर आणि बॅरिस्टरांवर लिहीत होते. तुम्ही वहिवाटींवर लिहिलंत. कोणत्या शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, कोणाला जाता येतं, विहिरीवर पहिली घागर कोणाची, मसणवटीची वाट कोणाच्या वावरातून. पुण्याच्या एका परिसंवादात तुमच्या निबंधानंतर एक मोठे प्राध्यापक हसून म्हणाले होते, हा कायद्याचा इतिहास की तलाठ्याचा? तुम्हीही हसलात. परतीच्या प्रवासात मात्र अकोला येईस्तोवर एक अवाक्षर बोलला नाहीत.

त्या कामासाठी आम्हा तीन-चार मुलामुलींना तुम्ही एसटीनं गावोगाव हिंडवलंत. तुमचं घर रिद्धपूरकडचं, शेतकऱ्याचं, त्यामुळे कोणाच्याही ओट्यावर टेकायला तुम्हाला संकोच वाटायचा नाही. वर्गात तुम्ही पुस्तकी मराठी बोलायचात आणि गावात पाय ठेवला की वऱ्हाडी. बार्शीटाकळीच्या पुढच्या त्या गावात, गावकुसाबाहेरच्या वस्तीत, एका म्हाताऱ्यानं तुम्हाला सांगितलं होतं, "मसणवट देशमुखाच्या वावरापलीकडे हाये, साहेब. मयत त्याले पुसूनच नेतो आमी." मी शेजारी टेपरेकॉर्डर धरून बसले होते. ‘पुसून’, म्हणजे विचारून, हा शब्द मी माझ्या कानांनी ऐकला आहे, सर. म्हणून तर आपलं भांडण इतकं चाललं.

पुढे तुम्ही विद्यापीठात विधी शाखेचे अधिष्ठाता झालात. मी आपल्याच कॉलेजात तासिकेवर शिकवत होते. कायद्याचा इतिहास हा पेपर ऐच्छिक करून टाकावा असा प्रस्ताव आला, त्या बैठकीला तुम्ही मला मागे बसायला सांगितलंत. एक वकील सदस्य म्हणाले, "सर, तुमच्या इतिहासानं आजवर कोणाची केस जिंकली ते सांगा." तुम्ही म्हणालात, "इतिहास माहीत नसलेला वकील म्हणजे महागडा अर्जनवीस. तुम्हाला अर्जनवीस घडवायचे असतील तर माझी सही मिळणार नाही. अधिष्ठाता बदला." पेपर राहिला. तुम्हाला पुढची दोन वर्षं प्रत्येक फाइलसाठी खेटे घालायला लावले, तेही मी पाहिलं.

बैठकीतून बाहेर पडलो आणि मी तुम्हाला सांगितलं की मी शिकवणं सोडून अकोल्याला वकिली करणार आहे. तुम्ही थबकलात. "त्या माणसाचा प्रश्न तुले पटला," तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, "हो सर. इतिहासानं कोणाची तरी केस जिंकली पाहिजे." तुम्ही बराच वेळ चष्मा पुसत राहिलात. मग म्हणालात, "जाय. पण मले कधी साक्षीले बोलावू नोको."

मी बोलावलं. त्याच गावच्या केसमध्ये. देशमुखांच्या आजच्या पिढीनं वावराला तारेचं कुंपण घातलं आणि मसणवटीची वाट बंद झाली. वस्तीतल्या लोकांनी दावा लावला, पहिले वादी सोनाजी आबा. ज्या म्हाताऱ्यानं तुम्हाला ‘पुसून’ सांगितलं होतं, त्याचा मुलगा. दुसरा रस्ता होता, पण तो नाल्यातून, आणि पावसाळ्यात नाल्याला पूर. कायद्याचं गणित तुम्हीच आम्हाला शिकवलं होतं. वाट पिढ्यान्‌पिढ्या हक्कानं वापरली तर ती वापरणाऱ्याची. मालकाच्या परवानगीनं वापरली तर मात्र शंभर वर्षं जावोत, हक्क लागत नाही. त्या वाटेबद्दल हयात माणसांत सगळ्यांत जास्त माहिती तुम्हाला होती. मी घरी आले तेव्हा तुम्ही निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, छातीचं दुखणं सुरू झालं होतं. काकू नको म्हणत होत्या. तुम्ही म्हणालात, "येतो. पण जे लिहिलं तेच बोलीन."

आदल्या संध्याकाळी तुम्ही अकोल्याला माझ्याकडे उतरलात. भाकर, आंबाडीची भाजी आणि ठेचा. जेवण तसंच राहिलं. मी म्हटलं, "सर, पुस्तकात तुम्ही ‘पुसून’ या शब्दापुढे ‘परवानगी घेऊन’ असं लिहिलंय. देशमुखांकडून अविनाश उभा आहे, तो त्यावरच बोट ठेवणार. पण पुसणं म्हणजे परवानगीच कशी? आपण घरातून निघताना आईला पुसतो, म्हणजे कळवतो. मयत निघाली, एवढं मालकाला कळवत असत. तोही अर्थ होतो."

"होते," तुम्ही म्हणालात. "आईपुढे होते. देशमुखापुढे होत नाही."

"कशावरून?"

"आईले पुसतानी कोणी पायताण काढून उभं राहत नाही."

मी आवाज चढवला. तुम्हीही चढवलात. माझा नवरा उठून गॅलरीत गेला. मी म्हटलं, "तुम्ही गावोगाव हिंडलात, त्यांच्या ओट्यावर बसलात, आणि आता एका शब्दाच्या अर्थासाठी त्यांची वाट घालवणार." तुम्ही ताटाला नमस्कार करून उठलात. झोपायला जाताना दारात थांबून म्हणालात, "नको असन तर नोको बोलावू. मी सकाळी पहिल्या गाडीनं जातो."

मला तुम्ही हवे होतात. तुमच्याशिवाय केस उभीच राहत नव्हती.

कोर्टात अविनाशनं तुम्हाला वाकून नमस्कार केला, मग तुमचंच पुस्तक हातात घेतलं. त्याचा उलटतपास उत्तम होता, सर. तुम्हीच शिकवलेला. घाई नाही, आवाज नाही, एका वेळी एकच प्रश्न. हे पुस्तक आपलं? हो. या गावाची माहिती आपण स्वतः घेतली? हो. लोक मयत नेण्याआधी देशमुखांना पुसत असं आपण लिहिलंय? हो.

"मग पुसणं म्हणजे परवानगी घेणं, बरोबर?"

सोनाजी आबा मागच्या बाकावर टोपी मांडीवर ठेवून बसले होते. त्यांच्या शेजारी त्यांची सून कमलाबाई. तुम्ही चष्मा काढलात. मला वाटलं तुम्ही माझ्याकडे पाहाल, पण तुम्ही सरळ न्यायाधीशांकडे पाहिलंत.

"हो. परवानगी घेत असत."

अविनाश खाली बसला. त्याला अजून काही विचारायची गरजच नव्हती. फेरतपासाला मी उठले तेव्हा माझ्याकडे तयार केलेला प्रश्न नव्हता. रागानंच विचारलं, "का घेत असत?"

तुम्ही म्हणालात, "घरात मयत ठेवून माणूस कोणाशी भांडत नाही. हे देशमुखाला माहीत होतं, आणि लोकांनाही. नाही म्हणायची ताकद एकाकडेच असेल, तर मागितलेल्या परवानगीला मी राजीखुशीची परवानगी म्हणणार नाही. पण ती मागितली नव्हती असंही म्हणणार नाही." न्यायाधीशांनी मान वर केली आणि ते सगळं टंकलेखकाला सांगून उतरवून घेतलं. त्या वेळी मला त्याचं काहीच वाटलं नाही. माझ्या कानात ते ‘हो’ घुमत होतं.

परतताना तुम्हाला धाप लागत होती, म्हणून मी बडनेऱ्यापर्यंत गाडीत सोबत आले. मूर्तिजापूर मागे पडलं. मग तुम्ही खिडकीतून बाहेर पाहत म्हणालात, "मी ‘कळवून’ म्हटलं असतं तर तू जिंकली असती."

"हो."

"आणि मंग देशमुखाच्या बापजाद्यांनी कधी कोणाले उन्हात उभं ठेवलंच नाही, असं कोर्टाच्या निकालात लिहून आलं असतं. लोक आपखुशीनं कळवत, आणि मालक आपखुशीनं ऐकत. सारं गोडीगुलाबीचं."

"सर, त्यांना इतिहास नकोय. वाट पाहिजे."

"तुले विचारून राहिलो, सुनंदा. खोट्या इतिहासावर मिळालेली वाट किती दिवस पुरते?"

"मयत नेण्यापुरती पुरली तरी चालते."

बडनेऱ्याला तुमचा भाचा गाडी घेऊन आला होता. उतरताना मी तुमचा हात धरला, तो तुम्ही काढून घेतला नाहीत, पण ‘येतो’ही म्हणाला नाहीत.

दावा फेटाळला गेला. निकालात तुमचं ‘हो’ ठळक होतं, ‘का’चं उत्तर कुठेच नव्हतं. मी तुम्हाला फोनवर तेवढंच सांगितलं. तुम्ही म्हणालात, "अपील कर." मी म्हटलं, "करतेच आहे." एवढंच. त्यानंतर आपण बोललो, पण कायद्याचंच बोललो, आणि तेही थोडं. दिवाळीला मी आले नाही. तुम्हीही का आली नाहीस असं विचारलं नाही.

शेवटी दवाखान्यात भेटले तेव्हा नाकात नळी होती. मी स्टुलावर बसले. काकू बाहेर गेल्या, मला वाटतं मुद्दामच. तुम्ही विचारलंत, "अपिलात मुद्दा कोणता घेतला?" मी सांगितलं, तुमचंच फेरतपासातलं उत्तर. जिथे नकार द्यायची सत्ता एकाच बाजूला असते, तिथल्या मागण्याला कायद्यानं परवानगी समजू नये. तुम्ही डोळे मिटून ऐकलंत. मला वाटलं झोपलात. मग म्हणालात, "कच्चा आहे. पक्का कर." मला हसू आलं आणि रडूही. मी म्हटलं, "तुम्ही बरे व्हा, मग दोघं मिळून करू." तुम्ही मान हलवलीत. ती हो म्हणून की नाही म्हणून, ते मला कळलं नाही. पुढच्या आठवड्यात काकूंचा फोन आला.

आता कालचं.

सकाळी मी कोर्टात निघायच्या तयारीत होते. कमलाबाईचा फोन. "ताई, आबा गेले." मागे बायकांचा रडण्याचा आवाज येत होता, पण तिचा आवाज कोरडा होता. "नाल्याले पूर हाये. तिकून जाताच येत नाई. इकून तार हाये. देशमुखाचा माणूस येऊन गेला. म्हणे, घरी येऊन मालकाले एकडाव पुसून जा, तार काढून देतो. म्हून तुमाले फोन केला. पुसू का?"

सर, अपील चालू. तिनं आज जाऊन मागितलं, की अविनाश उद्या तेच पुढे ठेवणार. पाहा, आजही परवानगी घेतात. वकील म्हणून माझं उत्तर एकच होतं, अजिबात पुसू नका. आणि घरात आबा. मी फोन कानाला लावून उभी राहिले आणि तुमचं ते घरात मयत ठेवून न भांडण्याचं वाक्य मला पहिल्यांदा समजलं. कोर्टात ऐकलं होतं, अपिलात लिहिलं होतं, समजलं काल. तुम्हाला फोन करायचा म्हणून दुसऱ्या हातानं मी नवऱ्याचा मोबाइल मागितलासुद्धा. त्यानं माझ्याकडे पाहिलं, तेव्हा भानावर आले.

"कमलाबाई," मी म्हटलं, "मी निघते. मी येईपर्यंत थांबता येईल?"

"थांबता येते," ती म्हणाली. "पन ताई, पानी वाढूनच राह्यलं. कोठलोक थांबू?"

मी तिला काय करायचं ते सांगितलं नाही. सांगता आलं नाही. गाडी काढली. बार्शीटाकळीच्या अलीकडे झाड पडलेलं, ट्रकांची रांग. स्टिअरिंगवर हात ठेवून मी तुमच्याशी भांडत होते. म्हणत होते, तुम्ही त्या दिवशी ‘कळवून’ म्हटलं असतं तर आज ही बाई अशी कात्रीत सापडली नसती. तुमच्या बाजूनं कोणीच उत्तर देत नव्हतं, आणि ते फार वाईट होतं.

पोचले तेव्हा माणसं परत येत होती. देशमुखाच्या वावरातून, त्याच वाटेनं. गुडघ्यापर्यंत काळा चिखल. कुंपणाची तार एका बाजूला गुंडाळून पडलेली. कमलाबाई वस्तीच्या तोंडाशी उभी होती. मी पहिलं काय विचारलं असेल ते तुम्ही ओळखाल.

"पुसलं?"

"नाई," ती म्हणाली. "सांगतलं. घरापुढे गेली आन् म्हटलं, आमी आबाले घेऊन जाऊन राह्यलो. तुमाले माहीत असावं म्हून सांगाले आली. पायातली चप्पल काढली नाई मी."

"तो काय म्हणाला?"

"काईच नाई. घराच्या मंदात गेला."

"मग तार कोणी काढली? त्यांच्या माणसानं की आपल्या पोरांनी?" सर, हा प्रश्न अपिलात लाखमोलाचा आहे, त्यांनी काढली तर परवानगी, आपण काढली तर हक्क, तुम्हाला सांगायला नको. तिनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. मग म्हणाली, "ताई, आज नोको."

तिनं मला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. माझं तोंड पाहून तिनंच विचारलं, "तुमच्या घरी कोनी गेलं काय?"

"आमचे सर गेले," मी म्हटलं. "कोर्टात साक्षीला आले होते ते."

"थे मास्तर? ज्याईनं ‘हो’ म्हटलं?"

"तेच."

मला वाटलं ती तोंड फिरवेल. त्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर मी तिच्याकडे पाहू शकले नव्हते. सोनाजी आबांशी तर पुढेही मी निकालापलीकडे कधी काही बोलले नाही. कमलाबाई पदरानं हात पुसत होती. म्हणाली, "आबाले त्याईचा राग नव्हता. आमालेच होता, पोराईले होता. आबा म्हनत, माह्या बापानं किती डाव हात जोडले हे मी कोनाले सांगू शकलो नाई. त्या मानसानं कोर्टात, जज्जापुढे सांगतलं. लिहून घेतलं जज्जानं." थोडं थांबून ती म्हणाली, "केस हारली थ्या रोजी आबा घरी येऊन जेवले. आमी कोनी जेवलो नाई."

हे मला आबांनी कधी सांगितलं नाही. मी विचारलंच नव्हतं. आणि तुम्ही, ज्यांना हे ऐकायचा पहिला हक्क होता, ते ऐकायला राहिला नाहीत. केस बुडवली हा बोल घेऊन तुम्ही गेलात, आणि ज्या माणसाची केस होती तो तिकडे तुमच्यामुळे एक घास सुखानं जेवला होता. मी दवाखान्यात स्टुलावर बसले होते तेव्हा हे माझ्याजवळ असायला हवं होतं. पुष्कळ गोष्टी हव्या होत्या. त्या फेरतपासातल्या उत्तराबद्दल मी तुम्हाला साधं ‘बरं झालं तुम्ही ते बोललात’ असंही म्हटलं नाही.

आज सकाळी अमरावतीला काकूंकडे जाऊन हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ह्यांना त्या दिवसानंतर झोप नव्हती. म्हणत, पोरगी बरोबर असेल तर?" मी विचारलं, "मग मला का नाही सांगितलं?" काकू म्हणाल्या, "तू काहून नाही विचारलं?" मग दोघींनी चहा केला, घेतला.

अपिलाची तारीख पुढच्या महिन्यात आहे. मुद्दा पक्का करते आहे. अविनाश समोर असेल, तो पुन्हा तुमचं ‘हो’ वाचेल, आणि या वेळी पुढचं सगळं उत्तर मी वाचेन, शेवटच्या शब्दापर्यंत. जिंकलो तर तुमच्या वाक्यावर जिंकू, हे मला मान्य आहे.

पण सर, त्या शब्दाला दोन अर्थ होते. दोन्ही अर्थ कोर्टापुढे ठेवायला हवे होते, असं माझं म्हणणं अजून आहे.